भुजंगप्रयाताची दोरी

आमच्या शेजारच्या मावशीनं उभ्या जन्मात एक वाक्य सरळ बोललेलं मी ऐकलेलं नाही. ऊन कडक आहे एवढंच सांगायचं असलं, तर ती म्हणणार, "सूर्यानं आज चूल अंगनात मांडलीय." कुणी हळू चाललं की त्याच्या आधी त्याची सावली घरी पोचायची. तिच्या बोलण्यातून खरं काय ते काढायचं म्हणजे पेडव्यासारख्या काटेरी मासळीतून काटे काढण्यासारखं काम.

आता आमच्या घरचं सांगते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात एका खोलीत आम्ही पाच जण. बाबांची होडी खडकावर फुटली आणि ते दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी झाले. आई आणि मी मावशीच्या मांडवावर बोंबील वाळत घालायला जायचो. घरात दहावीपुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी बी.ए.पर्यंत पोचले आणि मराठीच्या एका पेपरात अडकले. छंद आणि अलंकार. दोनदा नापास. आईनं सांगून टाकलं, "आता शेवटची खेप. नाय झालं तर वालीवच्या कारखान्यात पॅकिंगला जायचं. बोलून ठेवलंय मी."

मग मी बोंबील टांगता टांगता पुस्तक घोकू लागले. अलंकार सोपे गेले, कारण पुस्तकातली उदाहरणं मावशीपुढे फिकी होती. पण तिला त्यांची नावं कळली आणि घोळ झाला. ती एव्हरशाईन सिटीत दारोदार मासळी विकायची. तिथल्या एका बाईंनी विचारलं, "सुरमई ताजी आहे ना?" मावशी म्हणाली, "ताजी? तुमाला बघून लाजली ती, डोळं खाली केलं बघा!" बाई हसल्या, तशी मावशी गंभीर झाली. "हसू नका. चेतनगुणोक्ती हाय ती. बी.ए.च्या पुस्तकात छापलीय." त्या सोसायटीत पुढे तिला सगळे प्रोफेसरबाई म्हणू लागले आणि तिनं ते एकदाही नाकारलं नाही.

वृत्तं मात्र माझ्या डोक्यात शिरेनात. लघु कुठलं, गुरू कुठलं, सगळा चिखल. एका सकाळी मी "यमाता राजभान सलगं" हे गणांचं सूत्र घोकत होते.

"सकाळच्या पारी यमाला कशाला बोलावतंस गो बाय?" मावशी ओरडली.

मी समजावलं. अक्षर आखूड असलं की लघु, लांब असलं की गुरू. भुजंगप्रयातात एक लघु, दोन गुरू, असं चार वेळा. मावशीनं बोंबलाची टोपली पुढ्यात ओढली.

बोंबील जोडीनं टांगतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून. आणि लहान एका दोरीला, मोठे दुसऱ्या दोरीला, हा आमच्याकडे धर्मच आहे, कारण लहान आधी वाळतात. मावशीनं त्या दिवशी धर्म बुडवला. एक लहान जोडी, दोन मोठ्या. पुन्हा एक लहान, दोन मोठ्या. बारा जोड्या झाल्या. मग काठी घेऊन तिनं मला दोरीखाली उभं केलं. "म्हन. लहान-मोठा-मोठा, लहान-मोठा-मोठा." मी म्हणत गेले, ती काठीनं बांबूवर ठेका धरत गेली.

शेजारच्या मांडवावरून टोमणा आलाच. "काय गो, म्हातारीला दिसत नाय काय? लहानमोठं एक केलं!"

"तुला दिसत नाय! कविता वाळत घातलीय!"

कविता वाळली, बोंबील बिघडले. लहान कडकडीत होऊन मोडले, मोठे आतून ओले राहून नासले. मावशीनं ती दोरी आठवडाभर काढली नाही. वासानं मांजरंसुद्धा लांबून जायची. रविवारी चर्चमध्ये गायन सुरू झालं की तिची बोटं मांडीवर चालायची आणि ती माझ्याकडे बघून मान हलवायची, "लहान-मोठ्यात बसत नाय."

पेपरात दोन ओळी आल्या, वृत्त ओळखा. मला अक्षरं दिसलीच नाहीत, दोरी दिसली. वाससुद्धा आला. मी भुजंगप्रयात लिहून मोकळी झाले.

निकालाचा कागद घेऊन मी आधी मावशीकडे पळाले. तिनं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "थांब. पयला माझा पेपर तपास." आणि म्हणाली,

"पहाटे निघाली कुनाची ग होडी."

मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. एरवी 'गो' म्हणणारी मावशी इथं 'ग' म्हणाली होती, कारण त्या जागी लहान बोंबील हवा होता.

"बरोबर हाय?"

"बरोबर आहे, मावशी."

"मंग दे तुझा कागद."

आता तिचे गुडघे गेलेत. मांडवाखाली खुर्ची टाकून ती दुसरी ओळ शोधत असते. "समुद्र मोठा हाय बाय, गावायला वेळ लागतो," म्हणते. मी शिकवणी घेते. वृत्तं आली की फळ्यावर बोंबील काढते. मुलं हसतात आणि त्यांना येतं.

मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.