टोक झाकलेला गळ

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी सरांना शब्द दिला होता, की स्वतःच्या हातानं धरलेली मरळ तुम्हाला खाऊ घालीन. दहावीनंतर माझी शाळा बंद करायला निघालेल्या बाबांना सरांनी तीनदा घरी येऊन समजावलं होतं. आता त्यांची बदली झाली होती. रविवारी ते जेवायला येणार होते आणि सोमवारी गाव सोडणार होते.

मासे धरणं हा बाबांचा जन्माचा धंदा. पण मी शिकायचं ठरलं, तेव्हापासून त्यांनी मला गळाला हात लावू दिला नव्हता. "तुले कायले पाहिजे हे?" एवढंच म्हणायचे. नेमकं त्याच आठवड्यात गोंदियाला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पाण्यात उतरायचं नाही, वाकायचं नाही, अशी ताकीद दिली होती. त्यामुळे रविवारी सकाळी ते हिरवी पट्टी बांधून तलावाच्या पाळीवर दगडावर बसले आणि मी पाण्यात उभा राहिलो.

आमचा तलाव काठाला बेशरमच्या झुडपांनी आणि आत गवतानं भरलेला. गोंदियाच्या दुकानदारानं "बढिया चीज है" म्हणत दिलेली शिशाची गोळी मी तंगुसाला, म्हणजे काठीच्या नायलॉनच्या दोरीला लावली, गळाला बेडूक टोचला आणि फेकला. तो थेट गवताच्या तळाशी गेला. ओढला तर वर फक्त ओंजळभर हिरवा चिखल आला. असं चार वेळा झालं.

"काय लावलं रे त्याले?" बाबांनी विचारलं.

"शिशाची गोळी."

"काढ ते. मरळ वरती येते बेंडकीसाठी. तुही बेंडकी खाली जाऊन गवत खाऊन राहिली. गाय होय का ते?"

पाळीवर कपडे धुणाऱ्या बाया हसल्या. मी गोळी काढली. मग गळाचं उघडं टोक बेशरमात अडकलं. मी रागानं आडवा हिसका दिला आणि तंगूस तुटला.

"टोक झाक," बाबा म्हणाले. "बेंडकीच्या पाठीतून काढ आन् पाठीलेच चिकटवून ठेव. उघडं रायलं का मच्छीच्या पहिले गवतच धरते. मच्छीनं दाबलं का टोक येते बाहेर आपोआप."

हे इतकं सोपं होतं, तर इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचं होतं! मी शेवटचा गळ बांधला, टोक झाकलं. या वेळी बेडूक गवतावरून कुठंही न अडकता सरकत गेला. मोकळ्या पाण्याशी पोचला आणि पाणी फुटलं. काठी वाकली. मी सरळ वर उचललं, आणि काठी एकदम हलकी झाली.

"तंगूस तुटला?" बाबांनी विचारलं.

मी तंगुसाचं टोक पाहिलं. ते तुटलेलं नव्हतं, नुसतं पिळलेलं होतं, कुरळं. "सुटला."

"म्हंजे गाठ. कोरडी गाठ घसरते. थुका लावून ओढली होती का?"

"नाही."

बाबा दगडावरून उठले आणि घराकडे निघाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मायनं अंड्याचा रस्सा केला. सर आवडीनं जेवत होते. मी ताटातून मान वर केली नाही. शेवटी बाबाच बोलले, "गुरुजी, तुमी शिकवलं त्याले. मी नाई शिकवलं. मंग मरळ कुठून येईन?"

सरांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी हात धुतले आणि मला म्हणाले, "गळ आण. बांधून दाखव."

गळ संपले होते. मी गळाऐवजी पोतं शिवायची सुई आणली, तंगूस आणला आणि फळ्यापुढे उभं केल्यासारखा सरांसमोर बसून गाठ बांधली. बाबांनी ती चिमटीत धरून चाचपली.

"चुकली. कोरडीच ओढली पुन्हा."

"परत बांध," सर म्हणाले, नववीत भूमितीची वही परत देताना म्हणायचे अगदी त्याच आवाजात.

मी गाठ सोडून परत बांधायला घेतली.