दारुड्या बापाची भूमिका

"तुम्ही दारुडा बाप व्हा. तुम्हाला फार अभिनय करावा लागणार नाही."

मॅडम हे हसून म्हणाल्या. रागानं नाही, मुद्दाम हिणवायला पण नाही. सहज. खुर्ची सरकवा म्हणावं तसं. हॉलमधले तीस जण हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

गंगापूर रोडवरच्या एका शाळेचा हॉल. रविवारची सकाळ. एका संस्थेचं प्रशिक्षण होतं, ते या मॅडम घेत होत्या. पालकांनी आणि मुलांनी पंधरा दिवसांनी एकत्र जमायचं, खेळायचं, एखादा डोंगर चढायचा, बोलायचं, असा त्यांचा कार्यक्रम. प्रत्येक वस्तीत एक गट आणि गट चालवायला एक स्वयंसेवक. त्याला म्हणायचं गटप्रमुख. तीन रविवार शिकलं की ओळखपत्र.

मी सातपूरला कारखान्यात मशीन चालवतो. बारावी झालोय. आमच्या वस्तीतले नऊ बाप आणि त्यांची पोरं मी वर्षभर मैदानावर जमवत होतो. कोणी सांगितलं नव्हतं. माझी रेश्मा अकरा वर्षांची. तिला लगोरी शिकवत होतो तर शेजारची पोरं आली, मग त्यांचे बाप आले. संस्थेला हे कळलं आणि बोलावणं आलं. मला लय भारी वाटलं. शर्टाला इस्त्री केली. रेश्मालाही नेलं, कारण दुपारी मुलांचे खेळ घ्यायचे होते.

आधी ओळख झाली. कोणी बँकेत, कोणी कॉलेजात शिकवणारं, कोणाची स्वतःची कंपनी. मी नाव सांगितलं. मॅडमनी आडनाव पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, "पेठ-सुरगाण्याकडचे का तुम्ही?"

"हो."

"वाटलंच."

तो सगळा आदिवासी डोंगरपट्टा. बाकी कोणाला गाव विचारलं नाही.

मग रोल प्ले. विषय, मुलांकडे लक्ष नसलेले पालक. मोबाइलमध्ये बुडालेली आई एका बाईंना दिली. त्यांना मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला जरा अवघड जाईल हं, तुम्ही तशा नाहीच." मला दारुडा बाप.

मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. तिथंच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ओळखपत्र पाहिजे होतं मला. त्या लोकांत बसायचं होतं.

उठलो. चालून दाखवलं.

कसं चालायचं ते मला माहीत होतं. माझा बाप तसा चालायचा. डावा पाय ओढत, एक हात पुढं, भिंत शोधावी तसा. जीभ जड. "पोऱ्या, पानी दे." त्याचेच शब्द. हुबेहूब केलं. हॉल हसून हसून लोटपोट. टाळ्या. मॅडम म्हणाल्या, "बघा, किती नैसर्गिक!" एक जण मोबाइलवर व्हिडिओ काढत होता.

पोरं मागच्या बाकांवर बसली होती. रेश्मा हसत नव्हती. शेजारच्या मुलीनं तिला विचारलं, "तुझे पप्पा रोज पितात?"

मला ऐकू आलं. रेश्मा सँडलचा पट्टा काढत, लावत बसली.

परतताना मोटरसायकलवर ती माझ्या कंबरेला धरून बसते. त्या दिवशी मागची कडी धरली. बारदान फाट्याजवळ म्हणाली, "पप्पा, तुम्ही कोणासारखं केलं?"

"तुझ्या आजोबांसारखं."

"ते वारले ना?"

"हो."

"मग सगळ्यांना त्यांच्यावर का हसवलं?"

मी गाडी चालवत राहिलो.

माझा बाप दरवर्षी सुरगाण्याहून निफाडला उतरायचा. द्राक्षाच्या बागेत छाटणी, फवारणी. पाठीवर औषधाचा पंप. डोळे लाल, हाताची सालटं निघालेली. काम सुटलं की बागवाला बाटली पाठवायचा. "घ्या, अंग दुखणार नाही." माणूस सकाळी परत उभा राहावा म्हणून. डोंगरावर असताना माझा बाप पीत नव्हता. तो बागेत शिकला. आणि डावा पाय तो दारूमुळं ओढत नव्हता. बागेतच ट्रॅक्टरखाली सापडला होता तो पाय. दवाखान्यात न्यायला दोन दिवस लावले त्यांनी.

त्या पायावर मी टाळ्या घेतल्या.

मॅडमनी माझा अपमान केला. मी माझ्या मेलेल्या बापाचा केला, त्याच्या नातीसमोर. मॅडमना मी कधीतरी माफ करेन. स्वतःला नाही.

दुसऱ्या रविवारी रेश्मा नको म्हणत होती. मी तिला नेलंच. हॉलमध्ये पाच-सहा नवीन लोक होते. मॅडम म्हणाल्या, "मागच्या वेळी यांनी फार छान केलं. नव्या मंडळींसाठी एकदा करून दाखवा ना."

उभा राहिलो.

"नाय करणार."

"अहो, खेळ आहे तो. मनावर काय घेता?"

"मॅडम, मी दारू पीत नाही. ते चालणं माझ्या बापाचं होतं. त्याला बागेतला मालक बाटली पाठवायचा. दारुडा बाप दाखवायचा तर बाटली पाठवणारा मालक पण दाखवा. ती भूमिका कोण करतं? इथलं कोणीही करा. फार अभिनय लागणार नाही."

कोणी हसलं नाही. एक गृहस्थ म्हणाले, "विषय सोडून बोलताय तुम्ही." मॅडमचा चेहरा पडला. हळू आवाजात म्हणाल्या, "फार कडवट आहात तुम्ही. मुलांबरोबर काम करायला मन स्वच्छ लागतं."

मी रेश्माला हाक मारली. आम्ही निघालो.

चार दिवसांनी फोन. माझा स्वभाव गटप्रमुखाला साजेसा नाही म्हणे. आमचा गट एका इंजिनिअर साहेबांना दिला. ते गाडीतून आले, हातात फाइल. पहिल्याच दिवशी, आमच्याच मैदानावर, पोरांसमोर विषय काढला, व्यसन आणि पालकत्व. बापांनी खाली बघत ऐकून घेतलं. पुढच्या वेळी दोघंच आले. त्यापुढं कोणी नाही. संस्थेनं लिहून टाकलं असेल, वस्तीतले पालक उदासीन आहेत.

मी पुन्हा घरोघर फिरलो. नऊपैकी सहा आले. तिघं अजून येत नाहीत. त्यातला एक मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलतो. तो दारातच म्हणाला, "पोरासमोर परत कोणीतरी आपल्याला शिकवल. नको भाऊ." त्याचं चूक नाही.

आता मी स्वतः माणसं तयार करतोय. दोन बाप, दोन आया. खेळ कसा घ्यायचा, रुसलेल्या पोराला कसं आत घ्यायचं, कोणाला लागलं तर काय करायचं, हे सगळं. पण त्याच्याही आधी एक गोष्ट घोकून घेतो. पोरासमोर त्याच्या आईबापाला असं काही विचारायचं नाही, जे तुमच्या पोरासमोर तुम्हाला विचारलेलं चालणार नाही. धुण्याभांड्याची कामं करणारी एक ताई म्हणाली, "भाऊ, आपल्याला ओळखपत्र मिळल का?"

"नाय मिळणार."

"मग?"

"मग काय. तरी करायचं."

मागच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. बाहेरचे पाहुणे येणार आहेत, त्यांना तुमचा गट दाखवायचा आहे, फोटो काढू, झालं गेलं विसरून जाऊ.

"मी विसरणार नाही," म्हणालो. "आणि आमची माणसं दाखवायला ठेवलेली नाहीत. यायचं तर तुमचं पोर घेऊन या, आणि मातीत बसा."

त्यांनी फोन ठेवला. येणार नाहीत, मला माहीत आहे.

येत्या रविवारी मी तयार केलेले ते चौघं पहिल्यांदा स्वतः गट घेणार आहेत. मी मैदानाच्या कडेला उभा राहीन. कोणी बाहेरून आलं आणि आमच्यातल्या एकाही बापाला त्याच्या पोरासमोर मान खाली घालायला लावली, तर मी त्याला तिथंच, सगळ्या पोरांसमोर, मैदानाबाहेर काढीन. हात जोडून नाही.