लिंबोणीच्या मुळांमागची भेग

चहाला बोलावलेला माणूस घरात शिरला की आधी खुर्ची कुठे आहे ते बघतो, मग बशीत काय आहे ते. भेगाआत्या आधी भिंती बघायची. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली एखादी चीर दिसली की तिचा चेहरा असा खुलायचा, की घरच्या बाईंना वाटे आता नव्या पडद्यांचं कौतुक होणार. आणि ही विचारी, "ही चीर कधीपासून आहे हो?" त्या घरून पुन्हा चहाचं बोलावणं येत नसे. आत्याला त्याचं वाईट वाटत नसे, कारण ते तिच्या लक्षातच येत नसे.

नाव भाचीने ठेवलं होतं आणि गल्लीने उचललं होतं. तशी ती भूगर्भ खात्यातली चांगली वरच्या जागेवरची बाई. जमिनीखाली जिथे खडक तुटून त्याची एक बाजू दुसरीवरून सरकते, त्या जागेला खात्यातले लोक भ्रंश म्हणतात. घरात सगळे भेगच म्हणत. अशा काही भेगा कधीच्याच थंड पडलेल्या असतात, काही अजून जाग्या असतात. जाग्या कुठल्या ते ओळखायचं आणि त्यांची रेघ नकाशावर काढायची, म्हणजे धरण, दवाखाना, शाळा बांधणाऱ्यांना कळेल की इथे पाया घालू नये. एवढंच तिचं काम. पण त्यापायी घरच्यांनी एकही सहल धड केली नव्हती. सरळ वाहणारा ओढा मध्येच बाजूला वळलेला दिसला की गाडी थांबायची, आत्या खाली उतरायची आणि दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, गाडीतच डबा उघडून बसायचा.

नकाशावरच्या रेघांचे नियम ती भाचीला गोष्ट सांगावी तसे सांगे. नुसता संशय असला तर ठिपके. बरीचशी खात्री असली तर तुटक रेघ. आणि सलग लाल रेघ फक्त तेव्हा, जेव्हा खोदून, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असेल. बाकी सगळ्या बाबतींत ही बाई गोंधळ घालायची, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायची, पण सलग रेघेच्या बाबतीत तिने कुणाच्या बापाचं ऐकलं नव्हतं. निदान त्या वर्षापर्यंत तरी नाही.

त्या वर्षी झालं असं, की वहिनीची आई दूरच्या गावी न्हाणीघरात पाय घसरून पडली. एकटीच राहायची. शेजारणीला हाक ऐकू जाईपर्यंत फरशीवर तशीच पडून होती. हाड मोडलं नाही, पण वहिनीची झोप उडाली. दादाच्या मागे लागून तिने परसात आईसाठी खोली बांधायचं नक्की केलं. गवंड्याने येऊन चुन्याच्या फक्कीने रेघाही मारल्या. वहिनी रोज सकाळी त्या पांढऱ्या चौकोनात उभी राहून खाट कुठे, कपाट कुठे, न्हाणीघरात धरायचा दांडा कुठल्या उंचीवर, ते ठरवायची. चालताना मात्र ती दाराच्या जागेतूनच आत जायची. भिंतीतून कशी जाणार?

आणि नेमकं तेव्हाच खात्याला शहरात चर खणायचा होता. डोंगराच्या उतारावर एक भेग स्पष्ट दिसत होती. पलीकडे नदीकाठच्या दरडीतही दिसत होती. मधल्या शहरात मात्र ती घरांखाली गडप. ती शेवटची कधी हलली हे कळायचं तर कुठेतरी आडवं खोदून थर बघायला हवे होते. रस्त्याखाली नळ आणि तारा. शाळेचं मैदान मागितलं तर मुख्याध्यापक म्हणाले, भूकंप होईल तेव्हा होईल, मुलं तुमच्या चरात उद्याच पडतील. त्या ठिपक्यांच्या वाटेवर मोकळी उरलेली जागा एकच. दादाचं परस.

आत्याने विषय जेवताना काढला. आधी भाजीची स्तुती केली, तेव्हाच वहिनीने ओळखलं की पाणी कुठेतरी मुरतंय.

"सरळ बोल. काय हवंय?"

"परसात थोडं खणायचंय."

"थोडं म्हणजे?"

"माणूस उभा राहिला तर दिसणार नाही एवढं."

दादाने ताटात मान घातली. वहिनीने मात्र शांतपणे विचार केला. "नाहीतरी पायासाठी खणायचंच आहे. तुमचं खातं फुकटात खणणार असेल तर माझं काय जातंय? पण भेग निघाली तर?"

"थंड पडलेली असेल तर खुशाल बांध. दहा हजार वर्षांत हलली नसेल तर तिला आम्ही हात लावत नाही. दहा हजार वर्षं म्हणजे आमच्याकडे काल-परवा."

"म्हणूनच तुझं 'आत्ता आलेच' दोन तासांनी येतं. आणि जागी असेल तर?"

आत्याने घास घेतला. "नसेल गं," ती म्हणाली.

खोदण्याआधी असं बोलायचं नसतं हे तिला चांगलं माहीत होतं. पण समोर वहिनी होती, आणि वहिनीच्या बाबतीत आत्या पार विरघळायची. लग्न करायचं नाही असं आत्याने सांगितलं तेव्हा नातेवाइकांची तोंडं बंद करायला हीच वहिनी पदर खोचून उभी राहिली होती.

"एक मात्र सांगून ठेवते," वहिनी म्हणाली, "माझ्या लिंबोणीला धक्का लागला तर भूकंप घरातच होईल."

यंत्र आलं, कुंपण तोडून आत घुसलं आणि लिंबोणीच्या अगदी कडेने चर खणून गेलं. दोन्ही बाजूंना आधाराच्या फळ्या आणि टेकू लागले. सोबतीला खात्यातले दुसरे भूशास्त्रज्ञ आले. त्यांना सगळे पाठीमागे 'बघूया' म्हणत, कारण कुठल्याही प्रश्नाला त्यांचं तेच उत्तर असे. चहा घेणार का? बघूया. मुलीचं लग्न ठरलं का? बघूया.

चरातल्या कामाची एक रीत होती आणि ती दोघंही कडक पाळत. यंत्राच्या दातांनी भिंतीवर ओला चिखल लिंपला जातो, म्हणून आधी खुरप्याने भिंत खरवडायची, खरे थर उघडे करायचे. मग एकाने एक भिंत घ्यायची, दुसऱ्याने समोरची. थरांच्या रेषेवर पिवळे खिळे, भेगेवर लाल. लाल खिळे तळापासून वर न्यायचे आणि जो थर अखंड दिसेल त्याच्याखाली थांबायचं. तो थर साचल्यापासून भेग हललेली नाही, असा त्याचा अर्थ. आणि दोघांचे खिळे लावून होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या डोळ्यांत शिरतं, म्हणून.

आत्याच्या वाट्याला लिंबोणीकडची भिंत आली. भेग तळाशीच दिसली. ती खडीच्या थरातून वर चढली, आणि खडीवर तपकिरी चिकणमाती होती. नदीकाठच्या तपासणीत त्या मातीचं वय आधीच कळलेलं, दहा हजारांच्या पुढचं. म्हणजे सगळा निकाल त्या मातीत होता. तिथेच लिंबोणीची मुळं भिंतीतून बाहेर लोंबत होती. आत्याने मुळं हाताने हळूच बाजूला केली, मागे बघितलं. तपकिरी, गुळगुळीत, अखंड. तिने शेवटचा लाल खिळा खडीच्या माथ्याला ठोकला आणि तिचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी तिने वहिनीला नियमाप्रमाणे काही सांगितलं नाही, पण भांडी घासताना शीळ घालत होती. वहिनीने गवंड्याला फोन केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघूयांनी आपला शेवटचा खिळा लावला आणि दोघं एकमेकांच्या भिंती बघायला वळले. बघूयांच्या भिंतीवर लाल खिळे खडीतून चिकणमातीत शिरले होते, माती चिरत वर गेले होते, आणि शेवटचा खिळा गवताच्या बोटभर खाली होता.

"तुमचा खिळा चुकलाय," आत्या म्हणाली.

"एकाचा तरी चुकलाय," बघूया म्हणाले. ते तिच्या भिंतीपाशी आले, मुळं बाजूला करून त्यांनी मागच्या मातीवर नखाने ओरखडा काढला. ओला लेप सुटून आला. "मॅडम, हे खरवडलेलं नाही."

वीस वर्षं ती नव्या पोरांना एकच गोष्ट बजावत आली होती, की न खरवडलेल्या भिंतीवर खिळा ठोकणाऱ्याला चरात उतरू देऊ नका. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

ती तशीच मातकट हातांनी स्वयंपाकघराच्या दारात गेली. "वहिनी, लिंबोणीची मुळं कापावी लागतील."

"का?"

"त्यांच्या मागची माती मी बघितली नाही."

"का नाही बघितली?"

"तू म्हणाली होतीस ना, धक्का लावू नकोस."

वहिनीने गॅस बंद केला आणि तिच्याकडे नीट बघितलं. "मी रोज म्हणते, चिखलाचे बूट घरात आणू नकोस. ते कधी ऐकलंस?"

आत्याच्या पायांत बूट होते. तिने मान खाली घातली. "मला बघायचंच नव्हतं," ती म्हणाली. "तुझी खोली व्हायला हवी होती मला."

वहिनीने दारामागे टांगलेली झाडकात्री उचलली आणि साडी सावरत शिडीवरून चरात उतरली. बघूया अंग चोरून उभे राहिले. तिने मुळं एकेक करून कापली, आणि म्हणाली, "हं. बघ आता."

आत्याने खरवडलं. लेप गेला आणि खालून माती निघाली. मधोमध चिरलेली, एका बाजूचा थर दुसऱ्या बाजूपेक्षा वीतभर खाली. भेग थेट गवतापर्यंत. वहिनीने त्या वीतभर अंतरावर हात ठेवला.

"हे हळूहळू खचलंय?"

"नाही. एका झटक्यात."

"आणि ही खाटेची जागा."

"हो."

आत्याने लाल खिळे घेतले आणि वरपर्यंत ठोकत नेले. बघूयांनी ते बघितले आणि म्हणाले, "बघितलं." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला.

वहिनी रडली ती वर आल्यावर, फक्कीच्या पुसट रेघेवर उभी राहून, आणि रडता रडता भडकली. "तुझे खिळे तसेच राहिले असते तर? मी आईला पडू नये म्हणून इथे आणलं असतं, आणि अगदी हौसेने या भेगेवर झोपवलं असतं! पुन्हा माझ्यावर असली माया करू नकोस. मला तुझी माया नको, मला तुझी लाल रेघ हवी. कळलं?"

"कळलं," आत्या म्हणाली. नाक पुसताना तिच्या तोंडाला माती लागली. "माझी खोली घे. रस्त्याकडची. तिच्याखाली भेग नाही, चराच्या घराकडच्या टोकाला सगळे थर अखंड आहेत, मी खरवडून बघितलेत. भूकंपात हलेल सगळंच, पण तिथली जमीन फाटायची नाही. मी भाचीच्या खोलीत झोपेन."

"त्या खोलीत तुझे दगड आहेत."

"ऑफिसात नेते."

"सगळे?"

आत्याने बोटांवर दगड मोजले आणि मान हलवली. हे तिला खोलीपेक्षा जड गेलं हे वहिनीला कळलं, आणि तिच्या रागाचा जोर तिथेच ओसरला. तिने पदराने आत्याच्या तोंडावरची माती पुसली, नको तितकी जोरात.

मग तिने गवंड्याला फोन करून परसातलं काम रद्द केलं. फक्त पुढच्या न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला ये म्हणाली. आणि आईला फोन लावला. पलीकडून बराच वेळ नव्या खोलीची चौकशी चालली असावी.

"नाही, नवी नाही बांधत," वहिनी म्हणाली. "जुनीच देतेय. पण आई, तिच्या खालची जमीन माझ्या नणंदेने बघितलेली आहे. तू ये."