धुळे ते चोपडा, नाना आणि कानातलं मशीन

नानांच्या थोरल्या बहिणीला, चोपड्याच्या अक्कांना, भेटायला जायचं रविवारी ठरलं. आजारपणानंतर अक्कांचा आवाज अगदी बारीक झालाय आणि नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कानातल्या मशीनशिवाय ऐकू येत नाही. त्यामुळे सगळी भिस्त त्या मशीनवर होती.

धुळ्याहून सकाळीच निघालो. अमळनेरपर्यंत रस्ता बरा आहे. तिथे शेवभाजी खाल्ली; तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा. जेवताना मशीनने मान टाकली आणि चार्जर-केबल धुळ्यालाच राहिल्याचं कळलं. माझ्या जुन्या फोनची पिन वेगळी, म्हणून दुकान गाठलं. नानांनी चार्जर निवडला विहिरीवरचा पंप निवडावा तसा: सगळ्यात जास्त वॅटचा, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या जाड केबलसकट.

"मोटार मोठीच लेवानी. पानी कमी पडाले नको."

मलाही ते पटलं. लावून न बघताच निघालो.

तापीचा पूल ओलांडला की केळीच्या बागा सुरू होतात. एरवी मी चार वेळा थांबले असते. त्या दिवशी गाडी थेट अक्कांच्या दारात लावली.

मशीन ज्या डबीत ठेवून चार्ज होतं, ती डबी चार्जरला जोडली. दिवा लागेना. नानांना वाटलं, मोठ्या चार्जरने मशीन जाळलं. अक्का खाटेवरून काही सांगत होत्या आणि नाना नुसते हसून मान हलवत होते. मला फार वाईट वाटलं.

डबीचं माहितीपत्रक मोबाइलवर शोधलं. वॅट जास्त असल्याने काही बिघडत नाही, डबी हवी तेवढीच वीज घेते. पण दोन्हीकडे सी असलेल्या केबलवर चार्जर आधी समोरच्याची खूण पटवतो, मगच वीज सोडतो. ती खूण देणारा भाग काही स्वस्त डब्यांत नसतो. अशांना एका टोकाला जुनी चपटी यूएसबी पिन असलेली केबल लागते. अक्कांच्या सुनेकडे तशी केबल आणि साधा चार्जर होता. दिवा लागला.

चहापाणी, भाकरी, भरीत होईस्तोवर मशीन तयार झालं. नानांनी ते कानात घातलं आणि खाटेजवळ सरकले. अक्का म्हणाल्या, "इतला दिन मी फोनवर ये, ये म्हनस, तू नुसता हां हां करस."

नाना अक्कांचा हात धरून संध्याकाळपर्यंत तिथेच बसले.

दुसऱ्या दिवशी धुळ्यात मी चहा ठेवत होते. नानांनी आधी मशीन कानात घातलं, मग चोपड्याला फोन लावला.

"अक्का, तू बोल," ते म्हणाले. "मी आयकस."