पांढऱ्या पट्टीखालची दोन अक्षरं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या फ्लेक्सचे नऊशे साठ रुपये दिले गेले. आठ बाय दहाचा फ्लेक्स, चौरस फुटाला बारा रुपये. देणारे आबा, म्हणजे आमचे भोरमधले शेजारी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. घेणारा फ्लेक्सवाला. तिसरा मी, कारण आबांना कुठलाही व्यवहार करताना शेजारी आकडे तपासणारा माणूस लागतो, आणि पतसंस्थेत मी जन्मभर तेच केलं. जिचा फोटो त्यावर होता ती हजर नव्हती. आबांची सून त्या दिवशी पुण्याला होती, विद्यापीठाच्या विधी विभागात प्रवेशाची कागदपत्रं देत होती.

आकडे बरोबर होते. चूक पहिल्या दोन अक्षरांत होती. फ्लेक्सवर लाल रंगात लिहिलं होतं, 'ॲड.', मग तिचं नाव, मग हार्दिक अभिनंदन.

मी म्हटलं, "आबा, अजून नुसता प्रवेश मिळालाय. तीन वर्षं आहेत."

"मिळाला ना? मग झालीच की. गाडीत चढलेलं माणूस पोचतंच."

चाळीस वर्षं गाड्या पोचवलेल्या माणसाशी काय वाद घालणार? फ्लेक्स एसटी स्टँडसमोर लागला. तुमच्यापैकी कुणी त्या दिवसांत भोरला उतरलं असेल तर तिला पाहिलं असेल. पासपोर्ट फोटो मोठा केलेला, डोक्यावर पदर, आणि फोटो काढणाऱ्यानं श्वास रोखायला सांगितला आहे असा चेहरा.

ती वेल्ह्याकडची, पासलीची. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, फ्लेक्सवर एकदा लिहून पुरेसं झालं आहे. दसऱ्याच्या दिवशी सोनं द्यायला येणारा प्रत्येक जण दारातून हाक मारायचा, "वकिलीणबाई हाईत का घरी?" आणि ती हात पुसत बाहेर येऊन म्हणायची, "घरी हाय. वकील अजून न्हाई."

लोक हसायचे. त्यांना वाटायचं, विनय आहे.

तिसऱ्या दिवशी ती फ्लेक्सवाल्याकडे गेली आणि स्वतःच्या पर्समधले चाळीस रुपये देऊन पांढऱ्या स्टिकरची पट्टी कापून घेतली. स्टँडवरच्या रसवंतीतलं स्टूल मागितलं, साडी खोचली आणि भर बाजाराच्या दिवशी, स्वतःच्याच फोटोशेजारी उभं राहून 'ॲड.' वर पट्टी चिकटवली. खालून कुणी तरी ओरडलं, "वयनी, जीव देऊ नगा, सासरा चांगला हाय तुमचा!" तिनं वरूनच उत्तर दिलं, "सासरा लई चांगला हाय. घाईचा हाय जरा."

आबांनी दोन दिवस चहा आमच्याकडे घेतला. पण पट्टी काढली नाही.

सासू नव्हती. नवरा शिरवळच्या कारखान्यात पाळीवर जायचा, घरी असला तर झोपलेला असायचा. दोन म्हशी, एक गाय, आबांचं पथ्याचं जेवण आणि मग पुणे. पहाटेची एसटी, स्वारगेटला उतरून सिटी बस. परत येईपर्यंत म्हशी ओरडत असायच्या. गोठा आमच्या मागच्या दाराला लागून, त्यामुळे धार काढताना तिची माझ्याशी आणि माझ्या बायकोशी जी बोलणी व्हायची, त्यातून तो विधी विभाग मला पुरता पाठ झाला. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पदवीनंतरचा तीन वर्षांचा, कामगार कायद्याची पदविका, त्यावर एलएल.एम. शनिवारी अभिरूप न्यायालय, म्हणजे खोटा खटला आणि खरी भीती. आणि एक विधी साहाय्य केंद्र, जिथं मुलं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली लोकांचे अर्ज फुकट लिहून देतात.

पहिल्या दिवशी प्राध्यापकांनी विभागाचा इतिहास सांगितला होता, तो तिला फार आवडला होता. विभाग निघाला तेव्हा त्याला स्वतःची खोली नव्हती. संध्याकाळी इतिहासाचे वर्ग सुटले की त्यांच्याच बाकांवर कायद्याचे वर्ग भरायचे, दिवसभर नोकरी करणाऱ्यांसाठी. पहिल्या तुकडीचा फोटो अजून व्हरांड्यात आहे. पोस्टातले, रेल्वेतले, कचेरीतले लोक.

"काका, फोटोत कुणाच्या हातात पुस्तक न्हाई. समद्यांच्या हातात डबं हाईत जेवणाचं."

पुढे दिवसाचे अभ्यासक्रम आले, इमारत आली, हजेरीचा नियम कडक झाला आणि संध्याकाळचे वर्ग बंद पडले.

"माज्यासारख्यांसाठीच काढलं व्हतं ते," ती म्हणाली. "म्याच जरा उशिरा पोचले."

दिवाळीनंतर फ्लेक्स स्टँडवरून उतरला. आता तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे फ्लेक्स टाकून कुणी देत नाही. आबांनी तो गोठ्याच्या पडवीवर उतरतं छप्पर म्हणून ताणून बांधला. उलटा बांधला असता तर काही बिघडलं नसतं, पण आबा खालून ओरडत होते, "त्वांड वर ठेवा! त्वांड वर!" तेव्हापासून ती शेण काढायची, वैरण टाकायची, ती स्वतःच्याच फोटोखाली. आमच्या मोरीच्या खिडकीतून मला दोघी दिसायच्या. वरची श्वास रोखून बसलेली, खालची धापा टाकणारी.

तिच्याकडे लोक येतच राहिले. कुणाची वारसनोंद, कुणाचा सातबारा, कुणाच्या लेकीला नांदवत नाहीत. ती सल्ला द्यायची नाही. भोरच्या कोर्टात फुकट कायदेशीर मदत कोणत्या खोलीत मिळते, कुठली कागदं न्यायची, एवढं सांगायची आणि कधीकधी बाईबरोबर दारापर्यंत जायची. आत जायची नाही. मी विचारलं, आत का नाही? म्हणाली, "आत गेले तर कुणीतरी खुर्ची दील, आन मला ती घ्याविशी वाटल."

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर आबांचे मेहुणे आले, भोंगवलीचे. शेजाऱ्यानं बांध कोरला होता. त्यांना शेजाऱ्याला वकिलाची नोटीस पाठवायची होती. मजकूर त्यांनी कुणाकडून तरी टाइप करून आणला होता. आणि आबांनी, काय सांगू तुम्हाला, आधीच तिच्या नावाचा शिक्का करून ठेवला होता. फ्लेक्सवाल्याचाच भाऊ शिक्के करतो.

मला आकडे बघायला बोलावलं होतं, बांधाचं क्षेत्र बरोबर लिहिलंय का ते. क्षेत्र बरोबर होतं. ती चहा घेऊन आली. आबांनी कागद पुढे केला.

"सही कर पोरी. खाली शिक्का मारू."

तिनं उभ्याउभ्या वाचलं. कागद ट्रेखाली सरकवून परत दिला.

"आबा, अजून न्हाई."

"अगं घरचंच काम हाय. निस्ती सही. घोडं कुठं अडलंय?"

"सनद न्हाई माज्याकडं. सही केली तर पुढं मिळायची बी न्हाई."

मेहुण्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि खिडकीतून पडवीकडे बघत म्हणाले, "आबा, सून वकील हाय, का निस्ता फोटू?"

आबांचा चेहरा मी पाहिला. माणसाला भर गाडीत कुणी विनातिकीट म्हणावं तसा झाला होता. मेहुण्यांकडे पाठ करून ते तिला म्हणाले, "उद्यापास्नं पुण्याला जायचं न्हाई. गुरं कोण बघनार?"

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? एवढ्यावरूनच. नवऱ्यानं एकदा म्हणून पाहिलं, "आबा, फी भरलीय." आबा म्हणाले, "म्या भरलीय." नवरा पाळीला निघून गेला. आरडाओरडा नाही, दाराला कडी नाही. सकाळी तिची पिशवी खुंटीला असायची आणि एसटी निघून जायची, एवढंच.

मी आबांशी बोलायचा प्रयत्न केला. ते पेपरची घडी मोडत म्हणाले, "तिला शिकवायला कोण व्हतं? मीच ना? मग थांबवायला बी मीच." हे म्हणताना त्यांना वाईट वाटत होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण शब्द तोंडातून गेलेला कंडक्टर गाडी मागं घ्यायला तयार नव्हता.

त्या महिन्यांत ती पुस्तक गव्हाणीवर उघडं ठेवून वैरण कापायची. एकदा मी खिडकीत दाढी करत होतो, तेव्हा तिचा आवाज आला. ती मालमत्तेचे प्रकार म्हणत होती.

"गोठा, स्थावर. म्हैस, जंगम. वैरण कापली की जंगम, शेतात हाय तवर स्थावर." मग थोडं थांबून, मान वर न करता, "आन म्या, काका?"

माझ्या बायकोनं आतून मला हळूच विचारलं, काय म्हणतेय ती? मी गालावरचा फेस पुसून टाकला, दाढी अर्धीच झाली होती.

वर्षाचे दोन-अडीच महिने उरले तेव्हा ती कागद घेऊन आली. किती तास झाले, किती राहिले. "काका, टक्के काढून द्या. आजपास्नं समदे तास केले असं धरा."

परीक्षेला बसायला हजेरी पंच्याहत्तर टक्के लागत होती. मी दोनदा काढले, मग खालून वर काढले. आकड्याशी मी कधी खोटं बोललो नाही आणि तिलाही ते नको होतं. "एकाहत्तर," मी म्हटलं.

तिनं कागदाची घडी घातली. "म्हंजी अजून न्हाई."

ते वर्ष वाया गेलं. नव्या वर्षी पुन्हा त्याच वर्गात बसायचं तर नावनोंदणीला जायला हवं होतं, आणि आबांचा शब्द तसाच उभा होता. शेवटचा दिवस तीन दिवसांवर आला. त्या संध्याकाळी आबा गोठ्यात बादली धरून उभे होते, ती धार काढत होती, मी कुंपणाशी. पासलीच्या मुलीनं सासऱ्याला उलट बोलायचं नसतं, त्यामुळे तिनं हे म्हशीच्या पोटाकडे बघून विचारलं.

"आबा, तुमाला बिल्ला कवा मिळाला?"

कंडक्टरचा पितळी बिल्ला आबांच्या घरात गणपतीशेजारी ठेवलेला असतो. आबा खुलले. परीक्षा, साहेब, पहिली गाडी, सगळं सांगितलं.

"आन बिल्ल्याआधी? शिकाऊ व्हता तवा?"

"तवा निस्तं सीनियरच्या मागं हुबं ऱ्हायचं."

"पावणा गाडीत चढला आन म्हनला, घरचंच हाय, फाड एक तिकीट, तर फाडलं असतं?"

 बादली आबांच्या हातातच राहिली, तिनं मागितली तरी लक्षात आलं नाही. "आबा, बादली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. शेवटच्या दिवशी पहाटे आबांच्या फाटकाचा आवाज आला म्हणून मी बाहेर पाहिलं, तर आबा रस्त्यानं स्टँडकडे चालले होते आणि त्यांच्या खांद्याला तिची पिशवी होती. ती मागे, साडीच्या निऱ्या सावरत, जवळजवळ पळत. स्टँडवरच्या लोकांनी मला नंतर सांगितलं, आबा गाडीत चढले, खिडकीजवळच्या सीटवर पिशवी ठेवली, नव्या कंडक्टरला म्हणाले, "हिला विद्यापीठाची बस कुठं लागती ते दाव," आणि खाली उतरले. ती ही वाट दीड वर्ष एकटी जात होती, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. त्या दिवसापासून म्हशींचं आबा बघू लागले. धार त्यांना जमत नसे. बादलीपेक्षा धोतरावर जास्त दूध जायचं.

शिक्का त्यांनी कुठं टाकला, मी विचारलं नाही.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. एक विषय राहिला, पुन्हा दिला. सगळं मिळून तीन वर्षांच्या जागी पाच वर्षं गेली. मग सनद मिळाली, नवऱ्याची बदली झाली आणि दोघं पुण्याला राहायला गेले. ती तिथल्या कोर्टात एका वकीलबाईंच्या हाताखाली काम करते. गाय विकली, म्हशी आहेत. गोठ्यात आता फक्त आबा असतात.

सनद मिळाल्याच्या आठवड्यात आबा मला घेऊन फ्लेक्सवाल्याकडे निघाले होते. नवा, बारा बाय पंधरा. वाटेतच तिचा फोन आला, बहुधा माझ्या बायकोनं कळवलं असावं. "आबा, नवा नको. हाय त्याचीच पट्टी काढा."

मग आम्ही दोघं म्हातारे पडवीपाशी स्टूल लावून उभे राहिलो. आबांनी कोमट पाण्याचं फडकं पट्टीवर धरलं आणि नखानं कोपरा उचलला. इतक्या वर्षांच्या उन्हापावसानं तो फ्लेक्स पार पांढरा पडला होता. नाव पुसट, अभिनंदन पुसट, शुभेच्छुकांत आबांचं नाव होतं तिथं काहीच नाही. तिचा चेहरा तर गेलाच होता, नुसती पदराची कड उरली होती. पट्टी सुटली, आणि तिच्याखाली ती दोन अक्षरं परवा छापल्यासारखी लालभडक निघाली.

आबा स्टुलावरच उभे होते. "अक्षरं आली," म्हणाले, "पोरगी गेली."

खाली उतरल्यावर त्यांनी मला तिला फोन लावायला सांगितलं आणि पट्टीला तिनं किती दिले होते ते विचारलं. मला ठाऊक होतं, मी सांगितलं. मी फोनचा स्पीकर लावून दिला, म्हणून दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"तुजं पट्टीचं पैसं ऱ्हायल्यात माज्याकडं. फी म्हनून धाडतो. घेशील का?"

 मला वाटलं, आता ती नेहमीचं म्हणणार.

"आता घेते, आबा."

आबांना मोबाईलवरून पैसे पाठवता येत नाहीत, ते मी पाठवले आणि त्यांच्याकडून रोख घेतले. रुपये चाळीस. आबांकडून, ॲडव्होकेट सूनबाईंना.