अधिवेशनातली पितळी घंटी

इतिहास संशोधकांच्या अधिवेशनातून शोधनिबंध किती घरी येतात माहीत नाही, किस्से मात्र पिशवी भरून येतात! सोलापुरातल्या आमच्या मंडळाच्या वार्षिक अधिवेशनाला मी तीन वर्षं जातेय, एकच निबंध घेऊन. मोडनिंबजवळ एक वीरगळ आहे, म्हणजे लढताना मेलेल्या वीराचा दगड. त्यावरचा वीर पुरुष आहे, असं आमच्या माने सरांनी कधीच छापून टाकलंय. मी म्हणते, ती बाई आहे!

*

पहिल्या वर्षी सुरुवातीलाच दिवंगतांना श्रद्धांजली. टेंभुर्णीच्या पवार सरांचं नाव घेतलं, सगळे उभे राहिले. पवार सरही!

चहाला मी विचारलं, "सर, बोलला का नाही?"

"लई चांगलं बोलत व्हते की! म्हटलं, पुरं होऊ दे!"

*

निबंधाला दहा मिनिटं. मग अध्यक्ष छोटी पितळी घंटी वाजवतात. त्या वर्षी माझ्या आधी माने सर होते. घंटी वाजली. सर प्रेमानं म्हणाले, "अध्यक्ष माझेच विद्यार्थी. वर्गातही यांचं लक्ष घंटेकडेच असायचं!"

आणि आणखी अर्धा तास बोलले. माझा निबंध "वेळेअभावी पुढच्या वर्षी"!

*

पुढच्या वर्षी मी थेट विषयालाच हात घातला. एक आजोबा ताडकन उठले. "व्यासपीठावरचे मान्यवर राहिले!"

घेतली एकेकाची नावं, पदव्यांसकट. शेवटचे मान्यवर संपले आणि घंटी वाजली!

*

मग मी माने सरांना त्या दगडापुढंच नेऊन उभं केलं.

"सर, अंबाडा दिसतोय?"

"तेव्हा पुरुषही बांधत."

"बांगड्या?"

"कडी आहेत ती."

"आणि कडेवरचं मूल?"

सर बराच वेळ वाकून बघत राहिले. "ऊन फार झालंय. चला!"

*

यंदा माझं नाव जेवणाच्या तोंडावर पुकारलं. अध्यक्षांच्या शेजारी माने सर, जाकीट घालून, हाताची घडी. मी मान्यवरांना एकाच नमस्कारात गुंडाळलं आणि वाचायला लागले. दहा मिनिटं झाली तसा अध्यक्षांचा हात टेबलावर फिरायला लागला. हारांखाली बघितलं, शाली उचलल्या.

"घंटी कुठं गेली?"

"नंतर शोधा," माने सर म्हणाले. "हिचं चाललंय ना!"

मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. कडेवरच्या मुलासकट!

टाळ्या थांबायच्या आत माने सर तावातावानं उठले. "मला यातलं एक अक्षर मान्य नाही!"

आणि त्यांच्या जाकिटाचा खिसा किणकिणला.