खिडकीतली पाण्याची टाकी

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या ऑफिसात नकाशांचं नवं सॉफ्टवेअर आलं. त्यात कमांड टाइप करायची नसते. जागा कशी दिसते त्याचं चित्र काढायचं, मग तशा जागा ते जिल्ह्याच्या नकाशात शोधून देतं.

"मॅडम, काढा काहीतरी," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. मी कुठे राहते हे तो बरेच दिवस विचारत होता आणि मी दर वेळी विषय बदलत होते. एकदा तो रिक्षा स्टँडपर्यंत माझ्या मागे आला होता.

टाइप करायचं असतं तर मी जपून शब्द निवडले असते. पण पेन हातात आलं आणि रोज बघते तेच काढलं गेलं: रूळ, त्यांच्याखालून जाणारा नाला, नाल्याच्या वळणावर पाण्याची गोल टाकी. हे माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसतं, हे शोध सुरू झाल्यावर लक्षात आलं.

स्क्रीनवर दोन ठिपके उमटले. एक नाशिक रोडला, अगदी आमच्या गल्लीजवळ. दुसरा नांदगावला.

"यातलं तुमचं कुठलं? उगाच कुणी टाकी काढत नाही," तो हसत म्हणाला.

"नांदगाव. मामाचं गाव आहे."

"असं होय," म्हणत त्याने नाशिक रोडचा ठिपका मोठा केला. गच्च्या दिसू लागल्या. मी बाजूच्या यादीतल्या नांदगावकडेच बघत राहिले.

त्या संध्याकाळी मी नाशिक रोडच्या रिक्षात बसले नाही. उलट्या दिशेची बस पकडली आणि मागच्या काचेतून रस्ता बघत राहिले.